डाव्या माइकखालची खुर्ची

आधी माझी बाजू मांडतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला 'ध्वनी' हा धडा आला की कुणीतरी पोरगं हमखास विचारतं, "सर, आमच्या पाड्यात रात्री घुंगरं वाजतात, ते काय?" आणि मी त्याला फळ्यापाशी उभं करून वारा, पत्रा आणि घुबड असे तीन पर्याय लिहायला लावतो. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चहाबरोबर, चुका काढायला. बायको म्हणते, देव समोर उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याची सावली पडते का ते बघाल. बघेनच! का नाही बघायचं?

तर अशा माणसावर तुम्हाला हे लिहून पाठवायची पाळी आली आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. मलाही कुणी हे सांगितलं असतं तर मी हसलोच असतो.

मी डहाणू रोडला राहतो. शाळा सोडून मला एकच नाद — रेकॉर्डिंग. आठ माइकचा आवाज एकाच वेळी वेगवेगळा घेणारं एक यंत्र, लॅपटॉप, आणि वर्षानुवर्षं जमवलेले माइक. आमच्या ओळखीचे एक वाडीवाले शेठ आहेत, त्यांची चिकू पॅकिंगची जुनी शेड रिकामी पडून असते. भिंतीला लाकडी खोक्यांच्या थप्प्या, कोपऱ्यात पेंढा. आवाज घुमत नाही. अशी खोली पैसे टाकूनही बांधून मिळणार नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिथे लग्नाची गाणी, भजनं, बेंजो पार्टीवाले, जो येईल त्याला रेकॉर्ड करतो.

कल्पेश कैनाडचा. त्याचे वडील रमण — सगळे त्यांना नानाच म्हणतात — यांची बेंजो पार्टी डहाणू-तलासरी पट्ट्यात जुनी. माझ्या लग्नात तेच वाजवायला होते. नाना डावखुरे. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, ड्रमवर बसले की मात्र मांडव हलवायचे. कल्पेश मोठा झाल्यावर त्यांनी ड्रम त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला बसायला लागले. बाजूला म्हणजे अगदी ठरलेल्या जागी: पोराच्या डाव्या हाताला, थोडं मागे, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मांडीवर एक जुनी छोटी साईड आणि डाव्या हातात एकच काडी.

साईड म्हणजे काय ते सांगतो. ड्रमसेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जो चपटा ड्रम असतो, खाली तारांची स्प्रिंग असलेला, ज्याचा कडक 'ठाप्' आवाज येतो, तो स्नेअर. आपल्याकडचे बँडवाले त्याला साईडच म्हणतात. नाना मांडीवरच्या साईडवर हलकेच टक... टक... असा ताल धरायचे. लोकांना ऐकू जायचा नाही, फक्त कल्पेशला. कारण कल्पेशची एक खोड — गाणं रंगलं की तो पळतो. शेवटच्या अंतऱ्यापर्यंत नवरदेव धापा टाकायला लागायचा. नानांची ती टकटक म्हणजे त्याच्या कमरेला बांधलेला दोर होता म्हणा.

आठ महिन्यांपूर्वी एका हळदीला, वाजवणं चालू असतानाच, नानांना लकवा आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं तुटलं. मांडीवरची साईड खाली आपटून तिचं पान, म्हणजे वरचा पडदा, फाटलं. तेव्हापासून ते तलासरीला मुलीकडे असतात. सुनीताताई, कल्पेशची मोठी बहीण, तिथे आश्रमशाळेत शिकवते.

कल्पेश माझ्याकडे आला तो एकच गाणं घेऊन. बेंजो आधीच रेकॉर्ड झालेला, त्यावर ड्रम हवा होता. मी म्हटलं, अरे हल्ली सगळे कॉम्प्युटरवरच ड्रम लावतात, तुलाही लावून देतो, अर्ध्या तासाचं काम. तर म्हणाला, "नाय दादा. माझ्या हातचा पायजे. नानाला ऐकवायचा हाय."

रविवारी सकाळी टेम्पोतून ड्रमसेट उतरला, आणि त्याबरोबर ती निळी खुर्ची. कल्पेशने ड्रम लावायच्या आधी खुर्ची लावली. डावीकडे, थोडी मागे.

"कोण बसणार आहे?" मी विचारलं.

"कोणी नाय. ती असते."

आता माझी पंचाईत समजून घ्या. ड्रमसेटच्या वर मी दोन माइक लावतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. साईडच्या मध्यापासून दोघांचं अंतर अगदी सारखं हवं, नाहीतर एकच ठोका एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो आणि आवाज पोकळ होतो. त्यासाठी मी सुतळी वापरतो. एक टोक साईडच्या मध्यावर दाबायचं, दुसरं माइकपर्यंत ताणून गाठ मारायची, आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकते का बघायचं. डाव्या स्टँडचे पाय जिथे यायला हवे होते, बरोबर तिथे ती खुर्ची. मी ती उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. कल्पेशने बघितलं.

मग साईड लावण्यावरून आमची जुंपली. साईडच्या कडेला आठ बोल्ट असतात, किल्लीने आवळायचे; बँडवाले त्या बोल्टलाच चावी म्हणतात. मी प्रत्येकाजवळ बोटाने टिचकी मारून आठही ठिकाणी एकच सूर येईपर्यंत आवळत बसतो. कल्पेश म्हणाला, "दादा, नाना डाव्या गुडघ्याकडची चावी ढिली ठेवतो. अर्धा आटा."

"त्याने स्प्रिंग भरभरते. माइकमध्ये घाण येते."

"पण तो तसाच ठेवतो."

"नाना मांडवात वाजवतात. हे रेकॉर्डिंग आहे," मी शाळेतल्या आवाजात म्हणालो. (हा आवाज घरात चालत नाही, म्हणून मी तो बाहेर वापरतो.)

पहिला टेक झाला. पळाला. दुसरा टेक — दुसऱ्या अंतऱ्यापासून असा सुटला की बेंजो मागे राहिला. त्याच्या हेडफोनमध्ये बेंजोबरोबर तालाची टिकटिक लावून देऊ का विचारलं, तर म्हणे टिकटिक ऐकून हात आखडतो. मी थर्मासमधला चहा ओतला. तो खोक्यावर बसून कप नुसता धरून होता.

"दादा, त्या हळदीला ना..." तो म्हणाला, "मागची टकटक थांबली. मना कळला थांबली ती. मना वाटला नाना चहाला उठला असंल. आणि मना बरा वाटला. आज मोकळा सुटलो म्हटला. आखा गाणा पळवला मी. मागं बघितलाच नाय. लोक बोंबलले तवा बघितला."

मी थर्मासचं झाकण लावलं, तो पुढे बोलत राहिला.

"आता नानानं हा ऐकून एकदा 'बरा हाय' बोलला पायजे. नायतर वाजवायचा हात माझा नायच. वापीला कंपनीत बोलावतात, मी जातो. बँड बंद."

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, कर बाबा ती चावी ढिली. त्याने किल्ली घेऊन डाव्या गुडघ्याकडचा बोल्ट अर्धा आटा सोडला, एक ठोका मारून बघितला. ठाप्‌ऐवजी 'थाप्' असा जाड, बसका आवाज. मला अजिबात आवडला नाही. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपपाशी गेलो, कानाला हेडफोन लावला आणि तिसरा टेक सुरू केला.

त्या टेकला तो पळाला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अगदी रेषेत. मी इतका खूश झालो की बाहेर येऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला. तोच म्हणाला, "आज मोकळा वाटला, पण सुटलो नाय." सामान भरलं, ओट्यावरची खुर्ची टेम्पोत चढवली, गेला.

खरी गोष्ट सोमवारी सुरू झाली. शाळेतून आल्यावर मी तो टेक उघडून एकेक माइक सुटा ऐकायला घेतला. डाव्या माइकवर मला कल्पेशच्या ठोक्यांबरोबर दुसरं काहीतरी ऐकू आलं. हलकं. टक... टक... टक. जाड, बसका आवाज — चावी ढिली ठेवलेल्या साईडचा असतो तसा.

पहिला विचार अर्थातच — माझ्या स्टँडचा नट सैल असणार. पण मग पहिल्या दोन टेकमध्येही ते असायला हवं. ते दोन्ही टेक मी दोनदा ऐकले. तिथे काही नाही. मग प्रतिध्वनी? पण प्रतिध्वनी नंतर येतो हो! नववीचं पोरगंही सांगेल. इथे कित्येक ठिकाणी ती टकटक कल्पेशच्या ठोक्याच्या केसभर आधी होती. जिथे त्याचा हात पुढे पळू बघतो तिथे ही जागेवर ठाम, आणि पुढच्या ठोक्याला तो तिच्यापाशी परत आलेला. हेडफोनमधून गळलेला आवाज म्हणावं, तर बेंजोच्या मूळ ट्रॅकमध्ये ठोकाच नाही. खिडकीची फळी, खार, पत्र्यावर पडलेला चिकू... अहो, चिकू तालात पडत नाहीत!

अजून एक गोष्ट मी तेव्हा नुसती नोंदवली. शेवटच्या अंतऱ्याच्या तोंडाशी ती टकटक थांबते. तिथून गाण्याच्या शेवटपर्यंत फक्त कल्पेश.

बुधवारी मी सुतळी, खडू आणि लॅपटॉप घेऊन शेडकडे निघालो. बायको दारात म्हणाली, "भूमिपूजनाला चाललात का?" मी चपला घालून पायऱ्या उतरलो.

डोकं असं चालवलं होतं : आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. कोणत्या माइकला तो किती आधी पोचला हे लॅपटॉपवर दिसतं. म्हणजे प्रत्येक माइकपासून तो आवाज किती जवळ, किती लांब, हे काढता येतं. आधी मी कल्पेशच्या ठोक्यांवर हिशेब करून बघितला — उत्तर बरोबर साईडवर आलं. म्हणजे रीत चूक नाही. मग टकटकीवर केला. जमिनीवरच्या खुणांवरून सगळे माइक पुन्हा जागच्या जागी उभे केले, एकेका माइकपासून सुतळ्या ताणल्या आणि त्या कुठे भेटतात ते शोधत गेलो.

त्या डाव्या स्टँडच्या तीन पायांच्या मध्ये भेटल्या. जमिनीपासून गुडघ्याच्या थोडं वर. बसलेल्या माणसाची मांडी येते तिथे.

मी स्टँड बाजूला केला आणि खाली खडूने फुली मारली. शेडमध्ये धूळ असते. रविवारी खुर्ची ठेवली होती तिच्या चार पायांचे ठसे अजून होते. फुली त्या चार ठशांच्या मध्ये आली.

मी घाबरलो असं म्हणणार नाही. पण भर दुपारी चार वाजता, बाहेर वाडीत बायका बोलताना ऐकू येत होत्या, आणि माझ्या हातातली सुतळी काही केल्या गुंडाळली जाईना. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. फुली तिथेच.

मग मी एक गाढवपणा केला, किंवा त्या वेळी मला तो शहाणपणा वाटला. मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, कल्पेशला तर अजिबात नाही. त्या पोराला काय सांगणार? आणि कारण सापडत नाही म्हणजे तो आवाज खराबीच, असं ठरवून मी तीन संध्याकाळी बसून गाण्यातली टकटक एकेक करून कापून काढली. गाणं काचेसारखं स्वच्छ झालं. मूळ फाइल पुसावी असं मनात आलं होतं, पण मी काहीच टाकून देत नाही, जुन्या प्रश्नपत्रिकाही माझ्याकडे आहेत.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे चारोटीवरून हायवेने तलासरीला गेलो. मी लॅपटॉप आणि चांगला स्पीकर घेतला होता.

सुनीताताईचं घर दोन खोल्यांचं. नाना खाटेवर उशीला टेकून बसवलेले. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा खाटेच्या लाकडी पाटीवर. भिंतीला खिळ्यावर ती फाटक्या पानाची छोटी साईड टांगलेली. नानांनी मला ओळखलं, डोळ्यांनी हसले.

मी गाणं लावलं. माझं स्वच्छ केलेलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. कल्पेश खाली जमिनीवर बसला होता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे असा बघत होता, जसं दहावीचं पोरगं निकालाच्या फळ्याकडे बघतं. गाणं संपलं.

"कसा हाय, नाना?"

नानांनी डोळे उघडले. कल्पेशकडे नाही, माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं करून, जोर लावून, पण अगदी स्पष्ट बोलले.

"माझा कठं हाय?"

ताई म्हणाली, "नाना, कल्पेशनं वाजवलाय हा. तू नव्हतास तिथं."

नानांनी मान हलवली. डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "माझा. कठं. हाय."

माझे कान तापले. वडिलांची खोटी सही करून प्रगतिपुस्तक लपवलेल्या पोरासारखा मी पकडला गेलो होतो... पण कुणी पकडून दिलं? त्या फाइलमधलं जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि मूळ फाइल लावली. न कापलेली.

टक... टक... टक.

कल्पेशने झटकन मान वर केली. पहिल्या दोन ठोक्यांतच त्याने ओळखलं, हे मी पाहिलं. आणि नानांचा डावा हात खाटेच्या पाटीवर वाजायला लागला. स्पीकरमधल्या टकटकीच्या मागे नाही. बरोबर तिच्यावर. कुठे एक ठोका गाळला असेल तर बोटंही तिथे थांबत होती.

"हाच!" ताई कुजबुजली. "सर, मागच्या रविवारी सकाळी नाना हेच करत होता. हाक मारली तरी लक्ष नाही, नुसता पाटीवर हात. मला वाटलं झटका येतोय. डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात आपोआप थांबला आणि झोपला."

"किती वाजता?" मी विचारलं.

"बारा वाजत आले होते. मी वरण उतरवत होते."

तिसऱ्या टेकच्या फाइलवर वेळ आहे — अकरा बेचाळीस. तो आकडा मी तेव्हा पाहिला नाही, घरी येऊन पाहिला. मला वाटतं मुद्दामच नाही पाहिला.

गाणं शेवटच्या अंतऱ्याच्या तोंडाशी आलं. ती जागा मला पाठ होती. नानांनी हात उचलला. पाटीवरून वर, हवेत धरला. स्पीकरमधली टकटक थांबली. पुढे नुसता कल्पेश वाजत होता. रेषेत, न पळता, शेवटपर्यंत. नाना तो हात तसाच वर धरून ऐकत राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी तो हळूच कल्पेशच्या डोक्यावर ठेवला.

"आता माझा लागत नाय," नाना म्हणाले.

कल्पेश खाटेच्या पाटीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडला. ताईही रडली. मी स्पीकरची वायर गुंडाळत होतो, तर ती मला दिसेना, म्हणजे काय ते समजा.

त्यानंतर मी ती फाइल मुंबईत हेच काम करणाऱ्या एका मित्राला पाठवली. काही न सांगता. त्याचं उत्तर आलं : "ड्रमरच्या बाजूला बसून ताल कोण धरतोय रे? मस्त हात आहे." मी पुन्हा पर्याय लिहून काढले. कल्पेशचा पाय? मग फुली तिथे का? ताईला वेळेची चूक झाली? झाली असेल. पण नानांनी 'माझा कठं हाय' कशावरून विचारलं? एका हाताने लाकडी पाटीवर वाजवलेलं पंचवीस-तीस किलोमीटरवर चावी ढिली ठेवलेल्या साईडसारखं कसं ऐकू येईल? फळ्यावर लिहायला माझ्याकडे चौथा पर्याय नाही. कुणाकडे असेल तर कळवा, मी खरंच वाट बघतोय.

नाना आहेत. आता आधाराने चार पावलं टाकतात. कल्पेश वापीला गेला नाही.

परवा तो दुसरं गाणं घेऊन शेडवर आला. ड्रमसेट उतरवला, डाव्या गुडघ्याकडची चावी न विचारता ढिली केली. टेम्पोत खुर्ची नव्हती.

मग मी सुतळी धरली, अंतर मोजलं, गाठ मारली. डाव्या स्टँडचे पाय बरोबर त्याच जागी येत होते. मी स्टँड उचलून दोन फूट बाजूला सरकवला. माप चुकलं, आवाज थोडा पोकळ येणार हे ठाऊक होतं. तरी जागा मोकळी सोडली. का, ते मला विचारू नका.